परिचारिकेची परीक्षा : प्रश्नांचे स्वरूप आणि पूर्वतयारी

रायगड जिल्हा म्हटला की नारळी-पोफळीच्या बागा आणि समुद्रकिनारा डोळ्यांपुढे उभा राहतो. कर्जत व खालापूर हे तालुके मात्र जिल्ह्याच्या अंतर्भागात, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. एकीकडे उल्हास नदीच्या खोऱ्यातील भातशेती, दुसरीकडे पाताळगंगेच्या काठचे कारखाने, मधून जाणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि डोंगरउतारावर विखुरलेल्या ठाकर व कातकरी समाजाच्या वाड्या असे या भागाचे स्वरूप आहे. साहजिकच येथील दवाखान्यांत येणारे रुग्णही नाना प्रकारचे असतात. लावणीच्या दिवसांत सर्पदंश झालेला शेतमजूर, घाटातील अपघातात जखमी झालेला वाहनचालक, कारखान्यात भाजलेला कामगार आणि वाडीवरून डोलीत आणलेली बाळंतीण यांची शुश्रूषा एकाच परिचारिकेस करावी लागते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदत पथकांना भर पावसात पायी डोंगर चढून जावे लागले. अशा प्रदेशात डॉक्टरांची मदत मिळेपर्यंतचा काळ बहुधा परिचारिकेच्या हाती असतो. त्या काळात तिने प्रथम काय केले, यावर पुष्कळदा रुग्णाचे प्राण अवलंबून असतात.

परिचारिकेची परीक्षा या दृष्टीने पाहिली पाहिजे. या दोन तालुक्यांतील अनेक मुली बारावीनंतर परिचर्येच्या शिक्षणाकडे वळतात. त्यांतील बहुतेकींचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असते. विषय समजलेला असूनही केवळ प्रश्नाचा रोख न कळल्यामुळे गुण गमावण्याची वेळ त्यांच्यावर येते. म्हणून प्रश्नांचे प्रकार व त्यांमागील हेतू जाणून घेणे अगत्याचे आहे.

नोंदणी हाच परवाना

शुश्रूषेच्या व्यवसायास कायद्याची चौकट आपल्याकडे बरीच जुनी आहे. मुंबई प्रांतात परिचारिका, प्रसविका व आरोग्य अभ्यागता यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला. स्वातंत्र्याच्या वर्षी, म्हणजे १९४७ मध्ये, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा संमत झाला आणि देशभरातील अभ्यासक्रमांत एकसूत्रीपणा आणण्याचे कार्य सुरू झाले. महाराष्ट्रात १९६६ च्या परिचारिका अधिनियमान्वये महाराष्ट्र परिचर्या परिषद नोंदणीचे काम पाहते. राष्ट्रीय पातळीवर १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संसदेने संमत केला.

काही देशांत अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर परवान्यासाठी निराळी परीक्षा द्यावी लागते. महाराष्ट्रातील पद्धत वेगळी आहे. येथे मान्यताप्राप्त संस्थेतील अभ्यासक्रमाची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर परिषदेकडे नोंदणी करावयाची असते. हे नोंदणीपत्र म्हणजेच व्यवसायाचा परवाना होय. त्याचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ए.एन.एम. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा व बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा आहे. पहिल्या दोन अभ्यासक्रमांच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळामार्फत, तर पदवी परीक्षा नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठामार्फत घेतल्या जातात. लेखी व प्रात्यक्षिक अशा दोन्ही परीक्षांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. लेखी परीक्षेतील भरघोस गुण प्रात्यक्षिकातील उणीव भरून काढू शकत नाहीत.

स्मरणाकडून निर्णयाकडे

पूर्वी प्रश्नपत्रिकेत व्याख्या, टीपा व दीर्घोत्तरे यांना प्राधान्य असे. ते प्रकार आजही आहेत. दीर्घोत्तरी प्रश्नाचे पोटप्रश्न व त्यांपुढील गुण पाहून उत्तराची लांबी ठरवणे, आवश्यक तेथे नामनिर्देशित आकृती काढणे आणि शुश्रूषेची योजना लिहिताना निरीक्षण, निदान, नियोजन, कृती व मूल्यमापन हा क्रम न सोडणे, हे नियम तेथे उपयोगी पडतात.

बहुपर्यायी प्रश्नांचे महत्त्व मात्र वाढले आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांमधील पदांसाठी २०२० पासून घेतली जाणारी ‘नॉरसेट’ ही भरती परीक्षा तर संपूर्णतः संगणकावर होते आणि चुकीच्या उत्तरास एकतृतीयांश गुण वजा होतात. अशा परीक्षेत नुसता अंदाज महागात पडतो.

बहुपर्यायी प्रश्नांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील प्रश्न माहिती विचारतात. ‘भारतातील बहुमूल्य सर्पविष प्रतिबंधक लस कोणत्या सापांच्या विषावर उपयोगी आहे?’ या प्रश्नाचे उत्तर नाग, मण्यार, घोणस व फुरसे असे ठरलेले आहे. ते पाठ असले म्हणजे झाले. दुसऱ्या वर्गातील प्रश्न परिस्थिती सांगतात आणि निर्णय विचारतात. परीक्षार्थी अडखळते ती येथे.

‘प्रथम काय?’ हा प्रश्न

एक उदाहरण पाहू. प्रसूतीनंतर अर्ध्या तासाने मातेस अधिक रक्तस्राव होत आहे. पोटावर हात ठेवला असता गर्भाशय मऊ लागते. परिचारिकेने प्रथम काय करावे? पर्याय असे आहेत : रक्तदाब नोंदवणे, गर्भाशयास मालिश करणे, हिमोग्लोबिनसाठी रक्ताचा नमुना घेणे, नातेवाइकांना रक्तदात्याची सोय करण्यास सांगणे.

चारही कृती आपापल्या जागी योग्यच आहेत. म्हणूनच ‘यांतील चूक कोणती’ असे शोधत बसणाऱ्या विद्यार्थिनीचा गोंधळ उडतो. प्रश्नातील ‘प्रथम’ हा शब्द निर्णायक आहे. गर्भाशय आकुंचन पावले नाही म्हणून रक्त वाहत आहे. ते आकुंचित करणारी कृती पर्यायांत एकच आहे, ती म्हणजे मालिश. त्याच वेळी मदतीस हाक मारावयाची असते व पुढील उपचारांची तयारी सुरू होते.

दुसरा नमुना अनेक रुग्णांतून एकाची निवड करण्याचा असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात एकाच वेळी चार जण आले आहेत. एका स्त्रीचा हात मोडला आहे. एका बालकास ताप आहे, पण ते खेळत आहे. एका गर्भवतीस नुकत्याच कळा सुरू झाल्या आहेत. चौथ्या इसमास पहाटे झोपेत काहीतरी चावले असून त्याच्या पापण्या जड झाल्या आहेत व बोलणे अस्पष्ट होत आहे. वेदनेने विव्हळणाऱ्या स्त्रीकडे लक्ष प्रथम जाणे स्वाभाविक आहे. तथापि, पापण्या मिटू लागणे हे मण्यार किंवा नागाच्या विषाचा मज्जासंस्थेवर परिणाम होत असल्याचे लक्षण असू शकते, आणि त्यानंतर श्वासोच्छ्वास बंद पडण्याचा धोका असतो. म्हणून त्या इसमास प्रथम पाहावयाचे. श्वासमार्ग, श्वसन व रक्ताभिसरण हा क्रम अशा प्रश्नांची गुरुकिल्ली आहे.

इंग्रजी प्रश्नपत्रिकेत ‘फर्स्ट’, ‘बेस्ट’, ‘मोस्ट अप्रोप्रिएट’, ‘एक्सेप्ट’ व ‘नॉट’ हे शब्द दिसताच त्यांखाली रेघ ओढण्याची सवय लावून घ्यावी. संगणकावरील परीक्षेत ते शब्द मनात पुन्हा उच्चारावेत. उत्तर येत असूनही ‘एक्सेप्ट’ न वाचल्यामुळे चुकलेले प्रश्न थोडेथोडके नसतात.

एकापेक्षा अधिक उत्तरे

‘योग्य असतील ते सर्व पर्याय निवडा’ हा प्रकार परदेशी परीक्षांत विशेष आढळतो. नवजात बालकाच्या काळजीविषयी पुढील पर्याय दिले आहेत असे समजू : बाळाला कोरडे करणे, आईच्या उघड्या छातीशी धरणे, पहिल्या तासात स्तनपान सुरू करणे, लगेच आंघोळ घालणे, मध चाटवणे, नाळेवर हळद लावणे. यांतील पहिले तीन बरोबर असून उरलेले तीन टाळावयाचे आहेत. येथे घरातील रूढी व वर्गातील शिक्षण यांची गल्लत होण्याचा संभव असतो. असे प्रश्न सोडवताना पर्यायांची एकमेकांशी तुलना करू नये. प्रत्येक पर्याय स्वतंत्र विधान मानून ‘हे खरे की खोटे’ एवढेच ठरवावे.

मात्रेचे गणित

औषधाच्या मात्रेच्या गणितास अनेक विद्यार्थिनी बिचकतात. वास्तविक ते शालेय अंकगणितच आहे. बालकाचे वजन १० किलो आहे. दर किलोस १५ मिलिग्रॅम याप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावयाचे आहे आणि औषधाच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे. एकूण मात्रा १५० मिलिग्रॅम झाली. १५० ला १२५ ने भागून ५ ने गुणले की ६ मिलिलिटर हे उत्तर येते. सलाईनच्या थेंबांचेही तसेच आहे. ५०० मिलिलिटर द्रव ४ तासांत द्यावयाचा असून संच १ मिलिलिटरचे २० थेंब पाडतो. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब. त्यास २४० मिनिटांनी भागले असता मिनिटास सुमारे ४२ थेंब पडतात.

उत्तर आल्यावर ते व्यवहाराशी ताडून पाहावे. दशांश चिन्ह चुकून ६ च्या जागी ६० मिलिलिटर आले, तर एवढ्या लहान मुलास जवळजवळ बाटलीभर औषध कसे देता येईल, अशी शंका मनात आली पाहिजे. परीक्षेत या चुकीने एक गुण जातो, प्रत्यक्ष कामात ती बालकाच्या जिवावर बेतू शकते.

एका रुग्णाची कथा

अमेरिकेतील ‘एनक्लेक्स’ या परवाना परीक्षेचे स्वरूप एप्रिल २०२३ पासून बदलले. तीत किमान ८५ व कमाल १५० प्रश्न असतात व त्यांसाठी पाच तासांचा अवधी मिळतो. उत्तर बरोबर आले की संगणक पुढील प्रश्न अधिक कठीण देतो, चुकले की सोपा देतो. परीक्षार्थीची पात्रता वा अपात्रता ९५ टक्के खात्रीने ठरली की परीक्षा थांबते. त्यामुळे प्रश्न कठीण होत चालले म्हणून धीर सोडण्याचे कारण नाही.

या परीक्षेत एकाच रुग्णावर सहा प्रश्न विचारण्याची पद्धत आहे. ते सहा प्रश्न म्हणजे निर्णयाच्या सहा पायऱ्या होत. कर्जत तालुक्यातील एखाद्या उपकेंद्रात घडू शकणारा प्रसंग घेतल्यास त्या सहज ध्यानात येतात. आठवा महिना लागलेली स्त्री डोकेदुखीची तक्रार घेऊन आली आहे. तिला अंधुक दिसते, पायांवर सूज आहे, रक्तदाब १६०/११० आहे आणि लघवीत प्रथिने आढळली आहेत. यांतील महत्त्वाच्या खुणा ओळखणे ही पहिली पायरी. त्या खुणांचा एकमेकींशी संबंध जोडणे ही दुसरी. तिला झटके येण्याचा धोका सर्वांत मोठा आहे हे ठरवणे ही तिसरी. मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा व तातडीने वरच्या रुग्णालयात पाठवणे असा उपाय योजणे ही चौथी. तो अमलात आणणे ही पाचवी. श्वसन मिनिटास १६ पेक्षा कमी तर होत नाही ना, गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया कायम आहे ना, लघवी तासाला किमान ३० मिलिलिटर होते ना, हे पाहून परिणाम तपासणे ही सहावी. औषधाची विषबाधा झाल्यास कॅल्शियम ग्लुकोनेट हा उतारा हाताशी ठेवावयाचा असतो.

ब्रिटनमध्ये नोंदणीसाठी दोन टप्पे आहेत. पहिला संगणकावरील चाचणीचा असून त्यात मात्रेच्या गणिताचे १५ व शुश्रूषेचे १०० प्रश्न असतात. दुसऱ्या टप्प्यात दहा स्थानकांवर प्रत्यक्ष कौशल्य दाखवावे लागते. परदेशी नोकरीचे आमिष दाखवणाऱ्या मध्यस्थांपासून मात्र सावध राहावे. १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमानुसार नोंदणी असलेल्या संस्थेशीच व्यवहार करावा आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही स्वाधीन करू नयेत.

तयारीची दिशा

तयारीचा आरंभ कक्षातील कामापासूनच होतो. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय असो, कशेळे वा चौक येथील ग्रामीण रुग्णालय असो, की आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक या प्रमाणकानुसार उभारले जाणारे उपकेंद्र असो, तेथे पाहिलेला प्रत्येक रुग्ण हा एक प्रश्नच आहे. त्या दिवशी पाहिलेल्या एका रुग्णाविषयी रात्री वहीत चार ओळी लिहाव्यात : कोणती लक्षणे दिसली, प्रथम काय केले, का केले आणि त्याचा परिणाम काय झाला. वर्षभरात अशी वही कोणत्याही प्रश्नसंचापेक्षा अधिक उपयोगी ठरेल. दररोज थोडे प्रश्न वेळ लावून सोडवावेत आणि चुकलेल्या उत्तराचे कारण शोधावे. माहिती नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, की प्राधान्य चुकले, हे कळल्यावाचून तीच चूक पुन्हा होते. इंग्रजी संज्ञांची भीती वाटणाऱ्या विद्यार्थिनींनी संकल्पना प्रथम मराठीतून समजून घ्यावी व मग तिची इंग्रजी संज्ञा पाठ करावी.

कर्जत-खालापूरच्या मुलीने लहानपणापासून सर्पदंशाचा रुग्ण पाहिलेला असतो, वाडीवरची बाळंतीण पाहिलेली असते, पावसात अडलेली रुग्णवाहिकाही पाहिलेली असते. प्रश्नपत्रिकेतील प्रसंग तिला परके नाहीत. त्या अनुभवाला शास्त्रीय कारणांची जोड दिली, तर परीक्षागृहात सुचलेले उत्तरच उद्या एखाद्या उपकेंद्रात, अपरात्री दार वाजल्यावर, तिच्या उपयोगी पडेल.