घर स्वस्त कशाने होतं

अमेरिकेतल्या एखाद्या मध्यम गावात ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या गरिबांसाठी घरं बांधणाऱ्या संस्थेच्या बांधकामावर शनिवारी सकाळी गेलं, तर सर्वांत आधी जाणवतो तो कामाचा संथपणा. शिक्षक, बँकेतले कारकून, निवृत्त परिचारिका, कॉलेजची मुलं हेल्मेट घालून काँक्रीटच्या जोत्यावर गुडघे टेकून बसलेली असतात. भिंत आधी आडवीच तयार होते: खाली एक लांब लाकडी पट्टी, वर एक, आणि मधे दर 16 इंचांवर एक दांडा. 16 इंचच का, तर वरून ठोकायचा प्लायवुडचा तक्ता 4 फूट रुंद असतो. 16, 32, 48 असं मोजत गेलं की त्याची कड नेमकी दांड्याच्या मध्यावर बसते. एक दांडा पाऊण इंच सरकला की पुढचे सगळे तक्ते अधांतरी राहतात, म्हणून पर्यवेक्षक खुणा स्वतः तपासल्याशिवाय खिळा ठोकू देत नाही. नवखा माणूस हातोडा दांड्याच्या टोकाशी धरायचं सोडून डोक्याजवळ धरतो, मनगटाच्या जोरावर ठोकतो आणि खिळा वाकतो. मग तो मागच्या चिमट्याने उपसायचा आणि दुसरा लावायचा. कसलेला सुतार खिळ्यांची बंदूक घेऊन झटकन उरकेल त्या भिंतीत यांची सकाळ जाते. ती उचलायला दहा-बारा जण लागतात. तिरके टेकू लागतात, लेव्हल ठेवली जाते, कुणीतरी तळाशी हातोड्याने दोन टोले देऊन भिंत ओळंब्यात आणतं. वायरिंग आणि नळांचं काम या गर्दीकडे येतच नाही. ते परवानाधारक कारागीर करतात आणि नगरपालिकेचा निरीक्षक येऊन पास करतो. हे सगळं पाहिल्यावर सरळ प्रश्न उभा राहतो: एवढ्या हौशी हातांनी घर खरंच स्वस्त होतं का? माझं म्हणणं असं, की होतं, पण लोक समजतात त्या कारणाने होत नाही. फुकट मजुरी हा या व्यवहारातला सर्वांत लहान हिस्सा आहे. घर गरिबाच्या आवाक्यात येतं ते जमीन, व्याज आणि मालकी यांच्या अटी बदलल्यामुळे; आणि त्या अटी बदलायला व टिकवायला लागणारा माणसांचा गोतावळा या शनिवारच्या कामातून तयार होतो.

हिशेब मांडून पाहू. दीड लाख डॉलरचं घर 30 वर्षांच्या कर्जावर 7 टक्के व्याजाने घेतलं, तर महिन्याचा हप्ता साधारण 998 डॉलर पडतो. 30 वर्षांत मिळून 3 लाख 59 हजारांच्या आसपास रक्कम भरावी लागते. म्हणजे घराच्या किमतीपेक्षा व्याजच जास्त. तेच कर्ज बिनव्याजी असेल तर हप्ता 417 डॉलर. दोन हप्त्यांमधलं हे 581 डॉलरचं अंतर कितीही खिळे ठोकून भरून निघणार नाही. मजुरी हा घराच्या किमतीचा एक भाग. जमीन, लाकूड, सिमेंट, परवाने, वीज-पाण्याची जोडणी हे सगळं पैसे मोजूनच घ्यावं लागतं, स्वयंसेवक कितीही आले तरी. शिवाय स्वयंसेवकसुद्धा अगदी फुकट पडत नाहीत. त्यांना शिकवणारा पगारी पर्यवेक्षक लागतो, विमा लागतो, अवजारं लागतात, आणि काम लांबतं त्याचाही खर्च असतोच.

ही संस्था ज्या मातीतून उगवली तिथेही आधी विचार झाला तो पैशाच्या अटींचा. जॉर्जिया राज्यात अमेरिकस गावाजवळ क्लॅरेन्स जॉर्डन यांनी 1942 साली ‘कोइनोनिया’ नावाची शेतवसाहत सुरू केली. गोरे आणि काळे तिथे एका पंगतीला बसत. दक्षिणेत त्या काळी हे एवढंच करणं धोक्याचं होतं. 1950 च्या दशकात त्या शेतावर गोळीबार झाला, आसपासच्या व्यापाऱ्यांनी बहिष्कार टाकला. 1968 साली मिलर्ड फुलर आणि त्यांच्या पत्नी लिंडा तिथे राहायला आले. मिलर्ड हे पैसा कमावून तो वाटून टाकलेले वकील. शेताच्या कडेची जमीन अर्ध्या-अर्ध्या एकराच्या 42 तुकड्यांत पाडायची, तिच्यावर घरं बांधायची, शेजारच्या गरीब कुटुंबांना ती नफा न घेता आणि व्याज न लावता विकायची, आणि हप्त्यांचे पैसे एका सामायिक निधीत टाकून त्यातून पुढची घरं उभारायची, अशी योजना जॉर्डन आणि फुलर यांनी आखली. गरिबाकडून व्याज घेऊ नये हे बायबलमधलं वचन त्यांनी शब्दशः घेतलं. पुढे फुलर दांपत्य काही वर्षं तेव्हाच्या झाईरमध्ये हेच काम करून आलं आणि 1976 साली हॅबिटॅटची स्थापना झाली. या व्यवस्थेत दान एकदाच मिळालं तरी पैसा फिरत राहतो. एका घराचा हप्ता पुढच्या घराच्या सिमेंटला लागतो. आज संस्थेच्या सगळ्याच स्थानिक शाखा अगदी शून्य व्याजावर चालतात असं नाही, पण हप्ता कुटुंबाच्या उत्पन्नाला झेपेल एवढाच ठेवायचा हा दंडक कायम आहे.

घर घेणाऱ्या कुटुंबालाही स्वतःचे तास द्यावे लागतात. अमेरिकेत साधारण 200 ते 500, शाखेगणिक कमी-जास्त. याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मला झटकून टाकता येत नाही. दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्या, मुलं एकटीने सांभाळणाऱ्या बाईकडून आणखी काही शे तास मागायचे, हा कुठला न्याय? श्रीमंताला घर घेताना कुणी विटा उचलायला लावत नाही. ही अट गरिबाची लायकी तपासण्याची परीक्षा असेल, तर ती अपमानास्पद आहे आणि काढून टाकावी. पण नीट चालवलेल्या शाखांमध्ये ती तशी वापरली जात नाही. अंगमेहनत न झेपणाऱ्याला कार्यालयातलं काम दिलं जातं, घरखर्चाचा हिशेब आणि कर्जाचे नियम समजून घ्यायच्या वर्गातले तास मोजले जातात, नातलग-मित्रांचे काही तासही धरतात. महत्त्वाचं म्हणजे भिंत बंद होण्याआधी तिच्या आत काय आहे हे त्या बाईने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पाणी कुठल्या नळीतून येतं, छताची कैची भिंतीला कुठे बांधली आहे, ओल आली तर कुठून आली असेल, हे तिला माहीत असतं. घर घेणं जितकं महाग तितकंच ते सांभाळणंही. पहिल्याच मोठ्या दुरुस्तीला गरीब घरमालक कोलमडतो. तिथे हे तास कामी येतात.

हौशी हातांच्या दर्जाबद्दलची शंका सगळ्यांच्याच मनात येते, आणि तिचं उत्तर वाऱ्यानेच दिलेलं आहे. ऑगस्ट 1992 मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडात घरांच्या वसाहतीच्या वसाहती झोपवल्या. नंतरच्या चौकशांत व्यावसायिक बिल्डरांची घाई आणि ढिली तपासणी उघडी पडली. कितीतरी ठिकाणी छताचे तक्ते नीट जोडलेलेच नव्हते, स्टेपलच्या पिना दांड्यात न बसता हवेत मारलेल्या होत्या. मायामी भागातली हॅबिटॅटची घरं मात्र किरकोळ नुकसानीवर निभावली. याचं एक कारण तेव्हा सांगितलं गेलं ते असं, की नवख्या माणसाला आपल्या खिळ्याचा भरवसा नसतो, म्हणून एकाच्या जागी तो चार मारतो. मी याला सावधपणा म्हणेन. ज्याला काम उरकण्यावर पैसे मिळत नाहीत त्याला घाई नसते, आणि शेजारी उभी असलेली बाई या छताखाली मुलांना झोपवणार आहे हे त्याला ठाऊक असतं.

मजुरीचाच हिशेब धरला तर मात्र या चळवळीचा एक प्रकार टिकत नाही, आणि ते स्पष्ट म्हटलं पाहिजे. 1998 च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये झालेल्या घरबांधणीचा अभ्यास समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी केला. उत्तर अमेरिकेतून आठवडा-दोन आठवड्यांसाठी आलेल्या गटांनी बांधलेलं घर प्रवासखर्चासकट सुमारे 30 हजार डॉलरला पडत होतं; तिथल्याच संस्था तसंच घर सुमारे 2 हजारांत बांधत होत्या. परदेशातून गवंडीकामाला माणूस आणायचा आणि गावातला गवंडी बसवून ठेवायचा, याचं समर्थन होऊ शकत नाही. महाराष्ट्राने असा सोहळा जवळून पाहिलेला आहे. 2006 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि त्यांच्या पत्नी रोझलिन लोणावळ्याजवळ मळवली परिसरात आले होते. जगभरातून आलेल्या सुमारे 2 हजार स्वयंसेवकांनी तिथे आठवडाभरात 100 घरांचं काम केलं. ती घरं ज्यांना मिळाली त्यांच्यासाठी ती मोलाचीच. पण कार्टर यांच्या हातोड्याचं खरं काम आधीच झालेलं होतं. 1984 साली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधली एक पडीक इमारत 19 कुटुंबांसाठी राहती करायला ते बसभर माणसं घेऊन गेले, तेव्हा हॅबिटॅट फारसं कुणाला माहीत नव्हतं. माजी राष्ट्राध्यक्ष लाकूड कापताना दिसल्यावर देणग्या आल्या, आणि त्या देणग्यांतून बिनव्याजी कर्जाचा निधी उभा राहिला. दूरच्या स्वयंसेवकाने एवढंच करावं: निधी उभारावा. हातोडा त्या गावच्या माणसांच्या हातात शोभतो, कारण काम संपल्यावर ती त्याच रस्त्याने रोज जाणार असतात.

राहिला सर्वांत मोठा आक्षेप. घर देणं ही सरकारची जबाबदारी आहे, दानशूरांच्या शनिवारांनी कोट्यवधींची टंचाई भागणार नाही. मला हे पूर्ण मान्य आहे. पण सरकारने पैसा दिला म्हणजे बाकीचं आपोआप होतं, हे मान्य नाही. आपल्याकडे 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार रुपये ठरले, आणि त्यावर रोजगार हमीतून 90 ते 95 दिवसांची अकुशल मजुरी. म्हणजे स्वतःच्या घरावर बिगारीकाम करणाऱ्या कुटुंबाला त्याचा रोज मिळण्याची सोय इथे योजनेतच आहे. हॅबिटॅटच्या तासांपेक्षा ही तरतूद मला जास्त न्याय्य वाटते. तिच्यात नसतो तो बाजूला उभा राहणारा जाणकार. हप्ता कुठल्या टप्प्यावर सुटतो, फोटो कधी काढला जातो, सळई किती जाडीची हवी, पाया किती खोल, हे सांगायला कुणी नसलं की कुटुंब एखाद्या ठेकेदाराच्या हाती सापडतं. जोतं झालं, दुसरा हप्ता अडकला आणि पावसाळा आला, ही घरकुलाची गोष्ट गावोगाव ऐकू येते.

असा जाणकार गावातच तयार करता येतो हे आपण एकदा करूनही दाखवलं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर पूर्ण उद्ध्वस्त झालेली गावं दुसरीकडे वसवली गेली. तिथली बरीच घरं ठेकेदारांनी आणि देणगीदार संस्थांनी सरळ रेषेत आखून बांधून दिली, आणि गोठा, अंगण, भावकीची जवळीक यांना त्या आखणीत जागा कमी पडली. त्याच वेळी लातूर-उस्मानाबादच्या व आसपासच्या ज्या गावांत घरं तडकली पण उभी होती, तिथे मालकांनीच पैसे हातात घेऊन दुरुस्ती आणि मजबुतीकरण केलं. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेमार्फत महिलामंडळांतल्या बायका त्या कामात उतरल्या. भूकंपात टिकणारी भिंत कशी हवी हे त्या शिकल्या आणि शेजारणींना दाखवू लागल्या. शनिवारच्या स्वयंसेवकाचंच हे काम, फक्त विमानाचं तिकीट न काढता, आणि सरकारी पैशाच्या जोडीने झालेलं.

मग उरते जमीन, आणि माझ्या मते पुढची लढाई तिथेच आहे. अमेरिकेतल्या अनेक शाखा घर विकताना बाजारभाव आणि विक्रीची किंमत यांतल्या फरकाचं एक दुसरं, हप्ता नसलेलं गहाणखत ठेवतात. कुटुंब राहत गेलं की ते हळूहळू माफ होत जातं, पण लगेच घर विकून नफा काढता येत नाही. याहून पुढचं पाऊल म्हणजे जमीन समाजाच्या मालकीची ठेवून फक्त घर विकणं. त्याचा पहिला मोठा प्रयोग 1969 साली कोइनोनियापासून फार लांब नसलेल्या जॉर्जियातल्याच ली कौंटीत झाला. नागरी हक्कांच्या चळवळीतल्या काळ्या कुटुंबांनी ‘न्यू कम्युनिटीज’ या नावाने सुमारे 5,700 एकर जमीन एकत्र घेतली. या कल्पनेमागे असलेल्या रॉबर्ट स्वान आणि राल्फ बोरसोदी यांच्यासमोर विनोबांच्या ग्रामदानाचा नमुना होता. पवनारच्या माणसाचा विचार तिथपर्यंत पोचला होता. दुष्काळ आला, सरकारी शेतीकर्ज वेळेवर मिळालं नाही, आणि 1985 साली ती जमीन कर्जापायी गेली. प्रयोग हरला, पण त्या धर्तीवरचे जमीन-न्यास आज अमेरिकेत शेकड्यांनी आहेत आणि हॅबिटॅटच्या काही शाखा त्यांच्याबरोबर घरं बांधतात. जमिनीचे नियम बदलायलाही माणसंच लागतात. तिथल्या नगरपालिकेच्या सभेत लहान प्लॉटवर घरं बांधायला परवानगी द्यायची की नाही यावर मतं मागवली जातात, तेव्हा विरोधाला उभे राहणारे बहुधा जास्त असतात. बाजूने बोलायला येतात त्यांत कधी काळी त्या जोत्यावर खिळे वाकवलेली माणसं असतात. आपल्याकडे घरकुल मंजूर होऊनही ज्यांच्या नावावर गुंठाभर जागा नाही अशा कुटुंबांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा खरेदीला मदत मिळते, पण तेवढ्या पैशात गावठाणाजवळ जागा मिळवून देणं, गायरानाचा प्रश्न ग्रामसभेत मांडणं, सातबारा आणि मोजणीच्या मागे लागणं याला माणसं लागतात. श्रमदानाला एका हाकेवर जमणारं गाव या कामालाही जमलं पाहिजे.