दोनच पक्ष का उरतात? : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन, ब्रिटनमध्ये दीर्घकाळ हुजूर आणि मजूर. सत्ता या दोघांतच का फिरते, असे विचारले की मतदारांवर किंवा पैशावर खापर फुटते. मते मोजण्याच्या नियमाकडे मात्र फारसे कुणी बघत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

गैरसमज : अमेरिकेत दोनच पक्ष असावेत, असे राज्यघटनाच सांगते.

वस्तुस्थिती : अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नाही. तिथे बहुतेक ठिकाणी नियम असा की, एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडायचा आणि ज्याला सर्वाधिक मते तो विजयी. निम्म्याहून जास्त मतांची अट नाही आणि हरणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. या नियमामुळे राजकारण दोन पक्षांकडे झुकते, असे फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस द्युव्हर्जे यांनी १९५१ मध्ये मांडले.

गैरसमज : तिसरा पक्ष लोकांना नकोच असतो, म्हणून त्याला जागा मिळत नाहीत.

वस्तुस्थिती : न्यूझीलंडमध्ये १९८१ साली पाचपैकी एका मतदाराने सोशल क्रेडिट पक्षाला मत दिले. पक्षाला ९२ पैकी २ जागा मिळाल्या. मजूर पक्षाला नॅशनल पक्षापेक्षा किंचित जास्त मते होती, तरी सरकार नॅशनलचे आले. ब्रिटनमध्ये १९८३ साली मजूर पक्षाने सुमारे २८ टक्के मतांवर २०९ जागा जिंकल्या, तर लिबरल आणि सोशल डेमोक्रॅटिक आघाडीला २५ टक्के मते मिळूनही ६५० पैकी फक्त २३. आघाडीची मते देशभर विखुरलेली होती. जागोजागी दुसरा क्रमांक आला, आणि दुसऱ्या क्रमांकाला जागा नसते.

गैरसमज : मतदार आवडीच्याच पक्षाला मत देतो, मोजणीचा नियम कोणताही असो.

वस्तुस्थिती : ‘आपला उमेदवार येणार नाही, मग मत फुकट का घालवा?’ हा विचार नियमातूनच येतो. फ्लोरिडात २००० साली जॉर्ज बुश ५३७ मतांनी जिंकले आणि राष्ट्राध्यक्ष झाले. तिथे ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मते होती. नेडर यांनी डेमोक्रॅटिक उमेदवार अल गोर यांची मते खाल्ली, हा आरोप आजही होतो. अशा निकालानंतर पुढच्या खेपेला अनेक मतदार मन मारून ‘त्यातल्या त्यात बरा’ निवडतात. देणगीदार आणि होतकरू उमेदवारही मग मोठ्या पक्षांचीच वाट धरतात.

गैरसमज : ही पद्धत असली की देशात दोनच पक्ष राहणार.

वस्तुस्थिती : भारतातही हीच पद्धत आहे, तरी लोकसभेत डझनावारी पक्ष आहेत. नियमाचा दाब पडतो तो एकेका मतदारसंघात, आणि समोरासमोरचे दोघे राज्यागणिक बदलतात. मते एका प्रदेशात एकवटलेल्या पक्षाला तर ही पद्धत फळतेच. ब्रिटनमध्ये २०१५ साली स्कॉटिश नॅशनल पार्टीने देशभरातल्या जेमतेम ५ टक्के मतांवर ५६ जागा घेतल्या. साडेबारा टक्के मतांच्या युकिप पक्षाला एकच मिळाली. गोव्यात २०२२ साली विरोधी मते फुटली आणि भाजपला सुमारे ३३ टक्के मतांवर ४० पैकी २० जागा मिळाल्या. अशी मतविभागणी टाळायलाच महाराष्ट्रात महायुती आणि महाविकास आघाडी जागावाटपाची घासाघीस करतात.

गैरसमज : ही पद्धत बदलणे अशक्य आहे.

वस्तुस्थिती : न्यूझीलंडने १९९३ च्या सार्वमतात ती बदलली. आता तिथला मतदार दोन मते देतो : एक पक्षाला, दुसरे स्थानिक उमेदवाराला. संसदेतले बळ पक्षाच्या मतांच्या प्रमाणात ठरते. मात्र त्यासाठी ५ टक्के मते मिळवावी लागतात किंवा एक मतदारसंघ जिंकावा लागतो. १९९६ च्या पहिल्याच निवडणुकीत सहा पक्ष संसदेत पोहोचले. किंमतही मोजावी लागली : त्या वर्षी सरकार ठरायला सुमारे दोन महिने लागले. तरीही २०११ च्या सार्वमतात लोकांनी नवी पद्धत कायम ठेवली.

तेव्हा तिसऱ्या पक्षाच्या मतदाराला ‘मत वाया घालवलेस’ असे सुनावण्याआधी ते वाया घालवणाऱ्या नियमाकडे बघायला हवे. तो नियम माणसांनीच केलेला आहे, आणि ठेवायचा की बदलायचा हे ठरवण्याचा हक्क मतदारांचा आहे.