धाकटी धडधाकट दिसते, तरी सिकलसेलची तपासणी हवीच

विदर्भात आदिवासी आणि बौद्ध वस्त्यांमध्ये सिकलसेल नवा नाही. तपासणीला घरोघर गेलो की आम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येते : "थोरल्याला सिकलसेल आहे, पण धाकटीला काही नाही." म्हणणे खरे असते, पण त्यातून घेतलेला दिलासा अपुरा असतो.

हिशेब करून पाहू. थोरल्याला आजार (एसएस) आहे, म्हणजे सिकलचा एक अंश आईकडून आला, एक वडिलांकडून. दोघेही धडधाकट असतील तर ते वाहक (एएस) आहेत. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाबाबत चार सारख्या शक्यता असतात : एकीत आजार, दोहोंत वाहक, एकीत सिकलचा अंशच नाही (एए). धाकटीला आजार नाही हे कळले, की एक शक्यता खोडा. उरल्या ३, त्यांतल्या २ वाहकाच्या. म्हणजे ती वाहक असण्याची शक्यता ३ पैकी २! वाहकाला सहसा काही त्रास होत नाही, म्हणून नुसते बघून ते कळत नाही.

आता तिचे लग्न जमते आहे. मुलगा तपासणीत वाहक निघाला आणि तिची तपासणी झालीच नाही, तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता ६ पैकी १. तिचे रक्त तपासले की अंदाज संपतो. ती वाहक नसेल तर बाळाला एसएस आजार होणार नाही. असेल तर शक्यता ४ पैकी १. उलट, मुलगा वाहक नसेल तर ती वाहक असूनही बाळाला एसएस होत नाही. म्हणून एकट्या मुलीचा रिपोर्ट पाहून तिला नाकारणे अन्याय तर आहेच, हिशेबानेही चूक आहे. दोघांचेही रक्त तपासा, तेही लग्नाआधी.

रिपोर्टही समजून घ्या. शिबिरातली सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली, तर माणूस वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. सहा महिन्यांखालचे बाळ किंवा नुकतेच रक्त चढवलेला माणूस, यांची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली तरी तिच्यावर विसंबू नका.

घरात एक रुग्ण सापडला, की सगळ्या भावंडांना जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. वाहक असणे हा आजार नाही. ते लपवायचे कारण नाही, माहीत मात्र असायलाच हवे.