घरचा तलाव, आजोबांचे गुडघे आणि पंपाचे वीजबिल

गुडघ्यांच्या संधिवाताने बेजार झालेल्या व्यक्तीस पाण्यात चालण्याचा सल्ला दिला की तिच्या चेहऱ्यावर प्रथम अविश्वासच उमटतो. वस्तुतः छातीपर्यंतच्या पाण्यात उभे राहिले असता शरीराच्या वजनाचा साधारण एकतृतीयांश भारच पायांवर येतो. जमिनीवर वीस पावले टाकताना कण्हणारी मंडळी पाण्यात पंधरा मिनिटे सहज चालतात. पुणे, लोणावळा, नाशिक किंवा गोवा येथील ज्या बंगल्यांत नातवंडांसाठी म्हणून तलाव बांधला गेला, तेथे त्याचा खरा नियमित उपयोग पुष्कळदा आजी-आजोबाच करताना दिसतात.

अडचण येते ती वीजबिलाची. उन्हाळ्यात बिल पाहून घरातील कर्ता माणूस तलावाची मोटर दिवसाकाठी तासभरच चालवण्याचा हुकूम काढतो. पाणी वरकरणी निळे दिसते. पण ते फिरत नाही, गाळले जात नाही आणि त्यात टाकलेले क्लोरीन सर्वत्र पोहोचत नाही. मग अंगावर केसांच्या मुळाशी पुरळ, डोळ्यांची आग, कानाचा ठणका अशा तक्रारी घेऊन मंडळी दवाखान्यात येतात. वयस्कर मधुमेही रुग्णाच्या कानाचा जंतुसंसर्ग ही किरकोळ बाब नव्हे. स्यूडोमोनास नावाचा पाण्यात वाढणारा जंतू अशा रुग्णाच्या कानातून हाडापर्यंत शिरू शकतो आणि आठवडेच्या आठवडे उपचार घ्यावे लागतात. म्हणूनच पंपाची निवड हा विषय मी आरोग्याच्या पानावर आणण्याचे धाडस करीत आहे.

नेहमीचा पंप एकाच वेगाने, म्हणजे आपल्या 50 हर्ट्झ विजेवर मिनिटाला सुमारे 2,900 फेऱ्यांनी चालतो. व्हेरिएबल स्पीड पंपाचा वेग मात्र गरजेनुसार कमी-अधिक करता येतो. यातील खरी मेख अशी : वेग निम्मा केला तर पाण्याचा प्रवाह निम्मा होतो, परंतु लागणारी शक्ती तात्त्विकदृष्ट्या एकअष्टमांशावर येते.

उदाहरण घेऊ. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलावात 40,000 लिटर पाणी मावते. समजा, दीड किलोवॅट वीज घेणारा पंप तासाला 16,000 लिटर पाणी फिरवतो. तो आठ तास चालला तर 12 युनिटे जळतात आणि सारे पाणी तीनदा गाळले जाऊन वर थोडे उरते. तेवढेच पाणी निम्म्या वेगाने फिरवण्यास सोळा तास लागतील, पण वीज हिशेबाने तीन युनिटे लागेल. प्रत्यक्षात मोटर व नियंत्रकातील अपव्यय धरून चार-पाच युनिटे धरावीत. महिन्याला दोनशेच्या आसपास युनिटे वाचली म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील ग्राहकास सांगायला नको. आपल्याकडे वापर वाढतो तसा युनिटचा दरही चढत जातो, त्यामुळे वाचणारी युनिटे सर्वांत महागड्या टप्प्यातील असतात. शिवाय संथ प्रवाहात वाळूचा फिल्टर अधिक बारीक कण धरतो आणि पंपाचा आवाजही पुष्कळ कमी होतो. पंपघराशेजारच्या खोलीत झोपणाऱ्या ज्येष्ठांना हा लाभ बिलाहून मोलाचा वाटतो.

अमेरिकेत 19 जुलै 2021 पासून लागू झालेल्या कार्यक्षमतेच्या निकषांमुळे घरगुती तलावांच्या बहुतेक मोठ्या पंपांना हाच मार्ग धरावा लागला आहे. मुलांकडे टेक्सास वा कॅलिफोर्नियात राहायला गेलेल्या आई-वडिलांनी तेथे असा पंप पाहिला असेल. मात्र तेथून पंप आणण्याचा मोह टाळावा. तेथील वीज 60 हर्ट्झची, आणि सुटे भाग व दुरुस्ती यांची सोय इथे कोण करणार?

हा पंप सर्वांनाच हवा असे मात्र मी म्हणणार नाही. तलाव लहान असेल, वर्षातून दोनच महिने वापरात असेल, तर वाढीव किंमत वसूल होण्यास फार काळ लागतो. तेथे गरजेपेक्षा मोठा बसवलेला जुना पंप काढून योग्य आकाराचा साधा पंप बसवणेही पुरते. विक्रेता अश्वशक्तीचा आकडा सांगू लागला तर त्यास तलावाचे लिटर, पाइपांचा व्यास आणि फिल्टरची क्षमता विचारात घेतली का, हे विचारावे. वीज जाऊन आल्यावर पंपातील वेळापत्रक शाबूत राहते का, हा प्रश्न तर आपल्याकडे पहिला. पटलावरील अक्षरे चष्म्याविना वाचता यावीत, हेही पाहावे.

संथ वेग सर्व कामांना चालत नाही. पृष्ठभागावरची पाने ओढून घेण्यास दिवसातून तास-दीड तास अधिक वेग द्यावा लागतो, बॅकवॉशला तर जोरदार प्रवाह हवाच. क्लोरीन टाकल्यावरही काही वेळ वेग वाढवावा. अर्थात तेव्हा पाण्यात कोणी नसावे. पाण्यातील मुक्त क्लोरीन 1 ते 3 पीपीएम आणि पीएच 7.2 ते 7.8 असावा, याची तपासणी पट्टीने घरीच होते. क्लोरीनचा उग्र दर्प म्हणजे स्वच्छतेची खूण, हा समज उलटा आहे. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन तो दर्प येतो, आणि दम्याच्या रुग्णास त्यानेच खोकला लागतो.

सुरक्षिततेबाबत मी तडजोड करू देत नाही. तळाच्या जाळीचे झाकण तुटले असेल तर ते बदलेपर्यंत कोणीही पाण्यात उतरू नये, कारण पंपाची ओढ केस किंवा हात धरून ठेवू शकते. तळाशी एकमेकांपासून दूर अशी दोन निर्गमद्वारे असणे उत्तम. पंपाच्या जोडणीवर उत्तम अर्थिंग व 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. हृदय अशक्त असलेल्या रुग्णांनी गळ्याइतक्या पाण्यात उतरण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे, कारण पाण्याच्या दाबाने पायांतील रक्त छातीकडे ढकलले जाते.

पंप बसवला त्याच दिवशी तंत्रज्ञाकडून तीन वेग ठरवून घ्यावेत : रोजचा, पाने ओढण्याचा आणि बॅकवॉशचा. ते आकडे व वेळा मोठ्या मराठी अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून पंपघराच्या दारामागे लावाव्यात. मुले परगावी असताना माळीबुवांना किंवा आजींनाच ते पाहून काम चालवावे लागते.