जुनी बेल, नवा कॅमेरा : जोडण्यापूर्वी व्होल्टेज पाहा

दारात कोण उभे आहे, हे मोबाईलवर दाखवणारी व्हिडिओ डोअरबेल आता शहरांतील अनेक घरांच्या दारांवर दिसू लागली आहे. जुन्या बेलचे बटन काढायचे आणि त्याच दोन तारा नव्या उपकरणाला जोडायच्या, एवढेच हे काम आहे, असा अनेकांचा समज असतो. भारतातील घरांत मात्र हा समज जीवावर बेतू शकतो.

अमेरिकेतील घरांत बेलसाठी स्वतंत्र छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. तो १२० व्होल्टचा दाब साधारण १६ व्होल्टपर्यंत उतरवतो. तारेवर चालणाऱ्या अनेक व्हिडिओ डोअरबेल अशाच, म्हणजे १६ ते २४ व्होल्टच्या जोडणीसाठी बनवलेल्या असतात. आपल्याकडील जुनी 'डिंग-डाँग' बेल बहुधा थेट २३० व्होल्टवर चालते आणि बाहेरच्या बटनापर्यंत तोच दाब आलेला असतो. या तारा कमी व्होल्टेजच्या कॅमेऱ्याला जोडल्यास तो क्षणात जळू शकतो, आग लागू शकते आणि जोडणाऱ्याला विजेचा जबर धक्का बसू शकतो.

दुसरा फरक कार्यपद्धतीचा आहे. जुन्या बेलमध्ये तारेचे वेटोळे आणि त्यातून सरकणारी लोखंडी दांडी असते. बटन दाबताच वेटोळ्यात चुंबकत्व निर्माण होऊन दांडी एका पट्टीवर आदळते; बटन सोडताच स्प्रिंगमुळे ती मागे येऊन दुसऱ्या पट्टीवर आपटते. एरवी बेलमधून वीज वाहत नाही. कॅमेरा आणि वाय-फाय यांना मात्र सतत वीज लागते. ट्रान्सफॉर्मरच्या जोडणीत व्हिडिओ डोअरबेल ती बेलच्या वेटोळ्यातूनच थोडी थोडी घेत राहते. परिणामी बेल गुणगुणते, कधी आपोआप वाजते, तर कधी कॅमेरा बंद पडतो. म्हणूनच काही कंपन्या बेलच्या दोन टोकांना जोडण्यासाठी एक छोटी डबी देतात. बटन दाबलेले नसताना कॅमेऱ्याची वीज या डबीतून जाते आणि बेल शांत राहते.

मग आपल्या घरात काय करावे? पहिला मार्ग सोपा आहे. बॅटरीवर चालणारी व्हिडिओ डोअरबेल घ्यावी आणि घरात प्लगमध्ये बसणारी बिनतारी बेल लावावी. जुन्या तारांना हातही लावावा लागत नाही. बॅटरी अधूनमधून चार्ज करावी लागते, एवढेच. दुसरा मार्ग, वायरमनकडून ट्रान्सफॉर्मर बसवून घेण्याचा. अशा वेळी जुनी २३० व्होल्टची बेलही बदलावी लागते, कारण कमी दाबावर ती वाजणार नाही. ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टचा आणि किती क्षमतेचा हवा, हे व्हिडिओ डोअरबेलच्या माहितीपत्रकात पाहूनच तो निवडावा.

कोणत्याही जोडणीपूर्वी मेन स्विच बंद करावा आणि तारांत वीज नसल्याची टेस्टरने खात्री करावी. तो टेस्टर चालू असलेल्या प्लगमध्ये आधी तपासून घ्यावा. बटनाची तार बारीक दिसते म्हणून तिच्यातील वीज कमी असते, असे नाही.