प्रतिकृती रेल्वेच्या भूदृश्यातील गवत व झुडपे : साहित्य, तंत्र आणि वास्तवाभास

प्रस्तावना :
प्रतिकृती रेल्वे हा छंद असला तरी त्यात भूगोल, वनस्पतिशास्त्र, पदार्थविज्ञान आणि चित्रकला या विषयांचा एकत्रित विनियोग होतो. इंजिने व डबे कारखान्यात अचूक मापाने तयार होतात; भूदृश्य मात्र निर्मात्याला स्वतःच्या हाताने उभारावे लागते. त्यामुळे प्रतिकृती खरी वाटते की खेळणे वाटते, हे बहुतांशी गवतावरून ठरते. इंग्लंडमधील पेंडन संग्रहालयात १९३० च्या दशकातील ग्रामीण परिसर १:७६ या प्रमाणात उभारला आहे. तेथे घरांच्या कुंपणांना आणि बागांना रेल्वेइतकेच महत्त्व दिलेले दिसते. महाराष्ट्रात पुण्याच्या कोथरूड भागातील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय या छंदाची ओळख सामान्य प्रेक्षकांना करून देते. प्रस्तुत लेखात गवत व झुडपे यांच्या निर्मितीमागील तत्त्वांचा परिचय करून दिला आहे.

प्रमाणाचा प्रश्न :
सर्वाधिक प्रचलित असलेल्या १:८७ या प्रमाणात एक मीटर उंचीचे गवत सुमारे ११.५ मिलिमीटर भरते. बाजारात २, ४, ६ व १२ मिलिमीटर लांबीचे तंतू मिळतात. २ मिलिमीटरचा तंतू सुमारे १७ सेंटिमीटर उंचीचे गवत दर्शवितो, ६ मिलिमीटरचा ५२ सेंटिमीटर, तर १२ मिलिमीटरचा तंतू एक मीटरहून उंच ठरतो. हा साधा हिशेब न केल्यास फलाटाच्या कडेला छातीइतके गवत उगवते! कापलेली हिरवळ याच प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी उंचीची असते. तिच्यासाठी तंतूंपेक्षा बारीक दळलेला फोम अधिक योग्य होय.

उभे गवत आणि स्थितिक विद्युत :
पूर्वी रंगविलेला लाकडाचा भुसा डिंकावर पसरला जात असे. त्यातून रंग मिळे, पण पाते मिळत नसे. पुढे दळलेला फोम आला. त्याने पोत सुधारला, तथापि गवताचा उभेपणा साधला नाही. ही उणीव स्थितिक विद्युतावर आधारित पद्धतीने दूर केली. वस्त्रोद्योगात मखमलीसारखा पृष्ठभाग तयार करण्यासाठी वापरले जाणारे तंत्र येथे लहान स्वरूपात येते.

उपकरणाची धातूची चाळणी हा एक ध्रुव असतो. दुसऱ्या ध्रुवाची तार ओल्या डिंकात खुपसलेल्या खिळ्याला जोडतात. दोहोंमध्ये हजारो व्होल्टचा विभवांतर असतो, मात्र प्रवाह अत्यल्प असतो. चाळणीतून सुटणारा तंतू भारित होतो, विद्युतक्षेत्राच्या रेषांना समांतर वळतो आणि टोकावर डिंकात रुततो. पाण्यात मिसळणारा पांढरा डिंक ओला असेपर्यंत विद्युतवाहक असतो, म्हणून काम तो सुकण्यापूर्वीच उरकावे लागते. थोड्याथोड्या भागावरच डिंक लावण्याचे कारण हेच. लांब तंतूंना दुर्बल उपकरण उभे करू शकत नाही. कोकणातील किंवा मुंबईतील पावसाळ्यात तंतू दमट होऊन एकमेकांना चिकटतात. ते आधी कोरडे करून घेणे इष्ट. काम सुरू करण्यापूर्वी रुळांवरील इंजिने, विशेषतः अंकीय नियंत्रणाची, बाजूला काढावीत.

रंग आणि ऋतू :
नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे एकच गडद हिरवा रंग. निसर्गातील कोणतेही कुरण एकरंगी नसते. दोन-तीन हिरव्या छटांत वाळक्या गवताचा पिवळसर तंतू मिसळल्यास परिणाम पालटतो. लहान प्रतिकृती जणू दुरून पाहिली जाते, म्हणून रंग किंचित फिकट व करडे असावेत.

भारतीय भूदृश्य उभारताना आणखी एक अडचण येते. युरोपीय उत्पादकांची मिश्रणे प्रामुख्याने तेथील कुरणांचा विचार करून तयार केलेली असतात. सह्याद्रीचे गवत पावसाळ्यात हिरवेगार असते. पावसाळा सरल्यावर ते सोनेरी होत जाते. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ–माथेरान मार्गाची प्रतिकृती करताना आधी महिना ठरवावा, मग रंग! दोन फुटी रूळमार्ग १:८७ मध्ये जेमतेम ७ मिलिमीटर रुंद असतो. त्यामुळे तेथे १२ मिलिमीटरचे तंतू रुळालाच गिळून टाकतात. तांबडी माती गवताच्या मधूनमधून दिसू द्यावी. सर्वत्र सारखे दाट गवत गालिच्यासारखे भासते.

झुडपे :
झुडपाला सांगाडा आणि पर्णसंभार असे दोन घटक लागतात. सांगाड्यासाठी रबर लावलेले घोड्याचे केस वापरतात. ते बोटांनी विरळ ओढून घ्यावेत, जेणेकरून आरपार दिसेल. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी किंवा काथ्या हेही उपयोगी पडतात. त्यावर चिकट फवारा मारून दळलेला फोम भुरभुरवला जातो. रंगविलेले दगडफूल हा जुना, सोपा पर्याय होय. मात्र या हेतूने वापरली जाणारी उत्तरेकडील जात वर्षाला काही मिलिमीटरच वाढते, याचा विसर पडू नये.

रूळांच्या कडेला घाणेरी, उतारावर कारवी असे स्थानिक वैशिष्ट्य दाखवणे अगत्याचे आहे. कारवी सात वर्षांनी एकदाच फुलत असल्याने तिच्या जांभळ्या फुलांचा वापर करणाऱ्याने त्याच वर्षाचा देखावा उभारला, असे मानले जाईल. खडीच्या पट्ट्यात मात्र झुडूप लावू नये, कारण मार्गाची देखभाल करणारे कर्मचारी ते वाढू देत नाहीत.

डिंक पूर्ण सुकल्यावर सुटे तंतू निर्वात झाडूने ओढून घेतात. त्याच्या तोंडावर पातळ नायलॉनचा मोजा बांधल्यास ते तंतू मोज्यात जमा होतात आणि पुढील उतारासाठी पुन्हा वापरता येतात.