टक्क्याच्या आतलं मोजमाप

वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीत राहणारी माझी आतेबहीण एमआरआयला निघते तेव्हा जुन्या फिल्म्स आणि सीड्यांची पिशवी माझ्याकडे असते. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. घरात सगळे एमएस म्हणतात. यात शरीराचीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर उलटते.

टेक्निशियन मला काचेपलीकडचा पडदा दाखवतो. फ्लेअर नावाच्या चित्रमालिकेत मेंदूतलं पाणी काळं दिसतं आणि डाग पांढरे. मधल्या काळ्या पोकळ्यांच्या कडेला लांबट डाग उभे आहेत. डॉक्टर त्यांना ‘डॉसनची बोटं’ म्हणतात. नवा डाग नाही, म्हणून मी सुटकेचा श्वास टाकतो. पण न्यूरॉलॉजिस्ट बघतात त्या काळ्या पोकळ्यांकडे. मेंदू आकसला की त्या रुंदावतात, आणि हे आकसणं दोन झटक्यांच्या मधल्या शांत काळातही चालू असतं.

निरोगी प्रौढाचा मेंदू वर्षाला साधारण ०.१ ते ०.३ टक्के घटतो. उपचार न घेतलेल्या एमएसमध्ये ही घट ०.५ ते १.३५ टक्के असू शकते. एवढासा फरक नजरेला कुठला दिसणार? तो संगणकाने मोजावा लागतो, आणि तिथेच खरी गोची आहे. मशीन बदललं, सेटिंग बदललं, पेशंट पुरेसं पाणी न पिता आला, तरी आकडा हलतो. गंमत म्हणजे औषध लागू पडलं तरीही हलतो: दाह ओसरतो, सूज उतरते आणि पहिल्या वर्षी मेंदू उगाच जास्त आकसल्यासारखा वाटतो. म्हणून एका पेशंटच्या एकाच आकड्यावर डॉक्टर सहसा विसंबत नाहीत.

दवाखान्यातल्या चाचण्या मला जास्त बोलक्या वाटतात. पंचवीस फूट चालायचं, नऊ भोकांत नऊ खुंट्या बसवून परत काढायच्या, हातात स्टॉपवॉच. मग आकृत्यांना ठरलेले आकडे नव्वद सेकंदांत सांगायचे. भिशीचा हिशेब तोंडी करणारी ही बाई तिथे अडखळते आणि चिडते.

मे महिन्यात साईबाबा मंदिरापर्यंत चालून आली की उजवा पाय घासतो. घरचे हादरतात. पंख्याखाली बसली की पाय सुटतो. अंग तापलं की मायलिन झिजलेल्या तंतूतून संदेश अडखळतो, इतकंच. तो नवा झटका नव्हे.

आता भावजींनी दुसऱ्या सेंटरची सवलत शोधून आणली आहे. ताई ऐकत नाही. “अहो, सवलत राहू द्या. मशीन तेच हवं, नाहीतर मागचे सगळे फोटो रद्दीत.”